पहिल्या फिश टँकसाठी जिवंत झाडं: कोणती घ्यायची, कशी लावायची, कुठे चुकतं

नव्या टाकीतली झाडं पहिल्या दोन महिन्यांत मरतात ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी. दिवा फार वेळ चालू राहतो आणि झाडं फार थोडी लावलेली असतात. दुकानात मात्र बोलणं होतं ते सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर, पाकिटातली महाग माती आणि खताच्या बाटल्यांवर. पहिल्या टाकीला यातलं काही लागत नाही. सोशिक जातींची भरपूर रोपं घ्या, उजेड बेताचा ठेवा आणि सहा आठवडे झाडं उपटू नका. कोल्हापुरातल्या घरात नळाच्या पाण्यावर अशी टाकी आरामात चालते.

पुढची सगळी मापं दोन फुटी टाकीची आहेत: 60 सेंमी लांब, 30 रुंद, 30 उंच. काठोकाठ भरली तर 54 लिटर, पण वाळू-दगड धरून प्रत्यक्षात 42 ते 45 लिटर पाणी बसतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण सांभाळायला अवघड जाते, कारण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक लगेच दिसते. गोल काचेच्या भांड्याचा तर विचारच नको.

आधी पाणी

शहरातलं नळाचं पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, ते मुळात सह्याद्रीत पडलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी असतात. आपण निवडणार असलेल्या जवळजवळ सगळ्या झाडांना असं मऊ पाणी चालतं. बोअरचं पाणी वेगळं. गीझरमध्ये पांढरा थर धरत असेल, भांड्यांवर डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर ते जड आहे. जड पाण्यात व्हॅलिस्नेरिया उलट जोमाने वाढते आणि अनुबियासही तग धरतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 500 च्या वर असेल तर मात्र निम्मं नळाचं किंवा आरओचं पाणी मिसळा. निव्वळ आरओचं पाणी वापरू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम जवळजवळ काहीच उरत नाही आणि झाडं उपाशी राहतात.

नळाच्या पाण्यात काळजी घ्यायची ती क्लोरीनची. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने टाका. पावसाळ्यात नदी गढूळ होते आणि पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा दोन्ही करा.

जागा, वाळू, दगड

भरलेल्या टाकीचं वजन 65-70 किलो होतं. तेव्हा डगमगतं टेबल नको, आणि काचेखाली थर्माकोलची शीट हवी. पश्चिमेच्या खिडकीसमोर टाकी ठेवू नका. मार्च ते मे दुपारचं ऊन थेट पडलं की पाणी हिरवं होतं आणि तापतंही.

तळाला 2 ते 3 मिमी जाडीची वाळू किंवा बारीक खडी, 4 सेंमी थर. त्यासाठी 10 ते 12 किलो पुरते. बांधकामाची क्रश सँड वापरायची असेल तर चाळून भुकटी काढून टाका आणि धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धूत राहा. यात सात-आठ बादल्या सहज जातात. संगमरवराचे तुकडे, शंख, शिंपले नकोत, त्यांच्यामुळे पाणी जड होत जातं. दगडाची शंका आली तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा, बाहेरच ठेवा. आपला साधा काळा दगड उत्तम. जांभ्याचा तुकडा तर झाडं बांधायला त्याहून चांगला, कारण त्याच्या भोकांत मुळं चटकन धरतात. फक्त लाल भुकटी जाईपर्यंत ब्रशने घासून घ्या.

तांबडी किंवा काळी शेतातली माती वाळूखाली घालण्याची पद्धत आहे आणि अनुभवी हातात ती चांगली चालते. पहिल्या टाकीत नको. नवशिक्या माणूस झाडं हलवतोच, आणि प्रत्येक वेळी चिखल वर येतो.

दिवा

इथे सगळ्यात जास्त चुकतं. झाडाला वाढायला उजेडाबरोबर कार्बन आणि खत लागतं. सीओटू न देता चालवलेल्या टाकीत कार्बन मोजकाच असतो, त्यामुळे झाड ठरावीक मर्यादेपलीकडे उजेड वापरू शकत नाही. उरलेला उजेड वाया जात नाही, तो शेवाळ वापरतं. म्हणजे झाडं वाढत नाहीत म्हणून दिवा वाढवला की झाडं आहेत तिथेच राहतात आणि काच हिरवी होते.

या टाकीला दोन फुटी, 10 वॉटची, 6500 केल्विनची साधी एलईडी बॅटन पुरते. घरातल्या ट्यूबच्या जागी लावतो तीच. साधारण 900 ते 1000 ल्युमेन उजेड झाला. झाकणावर निळे-जांभळे लुकलुकणारे दिवे येतात ते माशांचा रंग दाखवायला, झाडांना त्यांचा फारसा उपयोग नाही.

पहिले सहा आठवडे दिवा रोज सहा तास. पुढे शेवाळ नसेल तर सात, फार तर आठ. हे हाताने जमत नाही. पाहुणे आले की दिवा लागतो आणि झोपताना बंद करायचा राहतो, म्हणून प्लगमध्ये बसणारा 24 तासांचा टायमर घ्या. टाकी बघायची वेळ संध्याकाळची असेल तर 4 ते 10 लावा, झाडांना वेळेचं काही नाही. यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि मागे पडतो, तेव्हा आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवून घ्या.

बॅटन आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवं. वायर प्लगपर्यंत जाताना एकदा खाली झोल घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली पडतं. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद.

कोणती झाडं

अनुबियास नाना हे पहिलं. मूळचं पश्चिम आफ्रिकेकडचं, जाड चिवट पानांचं, अगदी कमी उजेडात टिकणारं. याला आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं आणि ते वाळूच्या वरच राहिलं पाहिजे. वाळूत पुरलं की कुजतं. अनुबियास मरण्याचं एवढं एकच कारण बहुधा पुरतं. वाढ फार सावकाश, तीन-चार आठवड्यांना एक पान. पान वर्षभर टिकतं म्हणून त्यावर शेवाळही बसतं, तेव्हा हे झाड दिव्याच्या थेट खाली न ठेवता कडेला किंवा उंच झाडांच्या सावलीत बांधा. दोन-तीन रोपं घ्या.

जावा फर्नचंही तसंच, आडवं खोड वर ठेवून दगडाला बांधायचं. याच्या पानामागे ओळीने काळे-तपकिरी ठिपके येतात. तो रोग नव्हे, बीजाणूंचे पुंजके आहेत. जुन्या पानाच्या टोकाला छोटी रोपं फुटतात. ती दोन-तीन सेंमीची झाली की तोडून दुसऱ्या दगडाला लावा. दोन जुड्या पुरे.

क्रिप्टोकोरीन वेंटी श्रीलंकेची, हिरव्या आणि तपकिरी दोन्ही रंगांत मिळते. ही मुळांतून खाते, म्हणून वाळूतच लावायची. हिची वाईट सवय एकच: जागा बदलली की आठ-दहा दिवसांत सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. झाड मेलं समजून लोक उपटून फेकतात. तसं करू नका. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नव्या पाण्याला साजेशी पानं फुटतात. विरघळलेली पानं तेवढी काढत राहा. चार-पाच रोपं घ्या आणि एकदा लावल्यावर त्यांची जागा विसरून जा.

मागच्या काचेला व्हॅलिस्नेरिया, आठ-दहा रोपं. गवतासारखी लांब पाती, वाळूखालून धावते काढून स्वतःच पसरते. स्पायरालिस जात मागा. जायगँटिआ घेतली तर 30 सेंमीच्या टाकीत पाती वर लोळतात आणि खाली अंधार करतात. मुळं आणि पाती जिथे मिळतात तो पांढरट भाग वाळूच्या वर दिसला पाहिजे. पात्याचा शेंडा कापला की कापलेलं टोक तपकिरी पडतं, म्हणून फार लांब झालेलं पातं बुडातूनच काढा.

ही चारही सुरुवातीला सावकाश चालतात. फक्त त्यांच्यावर टाकी सोडली तर कुजलेल्या पानांतून आणि माशांच्या घाणीतून येणारा सुरुवातीचा अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्रेट शेवाळ खाऊन टाकतं. म्हणून वेगाने वाढणारं काहीतरी पहिल्या दिवसापासून हवंच. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा किंवा वॉटर विस्टेरिया, दोन्ही मूळच्या आपल्याकडच्या, आठ-दहा कांड्या. शिवाय हॉर्नवर्टच्या चार-पाच फांद्या. हॉर्नवर्टला मुळं नसतात, नुसती पाण्यात सोडायची. नव्या पाण्यात पहिल्या आठवड्यात ती सुयांसारखी पानं झाडते आणि फिल्टरचा स्पंज तुंबवते. वैताग येतो, पण सुरुवातीच्या दोन महिन्यांत तिच्याएवढं काम दुसरं कुठलं झाड करत नाही. पुढे टाकी स्थिरावली की काढून टाकली तरी चालेल.

जावा मॉस सगळे सुचवतात. ते मरत नाही हे खरं, पण माशांची घाण आणि शेवाळाचे धागे त्यात अडकतात आणि वेगळे करता येत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, टाकी स्वच्छ राहायला लागल्यावर घ्या.

लाल पानांची झाडं, गालिच्यासारखी पसरणारी हेअरग्रास, मॉन्टे कार्लो आणि काबोम्बा यांना सध्या हात लावू नका. त्यांना जास्त उजेड आणि बहुतेक वेळा सीओटू लागतो. अॅमेझॉन स्वोर्ड सोपं आहे, पण वाढून या टाकीत मावत नाही. तरंगणाऱ्यांपैकी पिस्टिया किंवा साल्विनिया चालेल, मात्र पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला की जास्तीची काढायची. लेम्ना, म्हणजे ती बारीक हिरवी टिकली, चुकूनही नको. एकदा आली की जात नाही.

एक झाड घरात असतंच: मनी प्लँट. त्याची मुळं पाण्यात, पानं टाकीबाहेर, अशी कांडी कडेला अडकवा. नायट्रेट शोषायला उत्तम.

दुकानात काय बघायचं

पाण्यातली म्हणून कुंडीतली झाडं सर्रास विकली जातात. लकी बांबू, ड्रसिना, सिंगोनियम, मोंडो ग्रास, जांभळं हेमिग्राफिस. ती पाण्याखाली दीड-दोन महिने हिरवी राहतात आणि मग कुजतात. पांढरे-पिवळे पट्टे असलेलं कडक पान आणि पाण्याबाहेर ताठ उभं राहणारं रोप दिसलं की आधी नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

अनुबियासचं खोड बोटाने दाबून बघा, ते कडक हवं. मऊ लागलं किंवा वास आला तर सोडून द्या. व्हॅलिस्नेरियाला पांढरी मुळं हवीत. कांडीवाल्या झाडांची जुडी शिशाच्या पट्टीने बांधलेली असते, तिच्या आतली पानं काळी पडली नाहीत ना ते पाहा.

फुकट मिळतात म्हणून रंकाळ्यातून किंवा ओढ्यातून झाडं आणू नका. त्यांच्याबरोबर जळवा, चतुराच्या अळ्या आणि सांडपाण्यातलं बरंच काही येतं. चतुराची अळी लहान मासे खाते. सड्यांवरच्या डबक्यातला वायतुरा तर मुळीच उपटू नये. ही जात सह्याद्रीबाहेर कुठेच नाही.

लावायचा दिवस

1. शिशाची पट्टी, कुंडीची जाळी आणि मुळांतला कापसासारखा रॉकवूल चिमट्याने पूर्ण काढा. पिवळी, फाटकी पानं कापा. पानांमागे जेलीसारखे पारदर्शक गोळे असतील तर नखाने खरवडा, ती गोगलगायीची अंडी.

2. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून झाडं दोन-तीन तास बुडवा, मग साध्या पाण्यात दोनदा धुवा. गोगलगायी मरतात. अंडी तुरटीलाही पुरून उरतात, म्हणून आधीचं खरवडणं टाळू नका.

3. टाकीत फक्त 8-10 सेंमी पाणी भरा. इतक्या पाण्यात रोपं तरंगत नाहीत आणि हात दिसतो.

4. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला लावा. जागा फडक्याने कोरडी करा, जेलसारखं सायनोअॅक्रिलेट ग्लू, म्हणजे फेवीक्विकच्या जातीतलं, खोडाच्या खालच्या बाजूला दोन थेंब, आणि 20 सेकंद दाबून धरा. वाळल्यावर ते माशांना अपायकारक नसतं. ग्लू नको असेल तर सुती दोरा गुंडाळा. दोरा कुजेपर्यंत मुळं धरलेली असतात.

5. क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरियाची मुळं 2-3 सेंमीवर कापा, चिमट्याने तिरकं धरून खोल खुपसा आणि मग हलकं वर ओढा, म्हणजे बुंधा वाळूच्या पातळीला येतो.

6. हायग्रोफिलाची खालची 3 सेंमीतली पानं खुडा आणि प्रत्येक कांडी वेगळी लावा, दोघींत दोन बोटं अंतर. जुडी तशीच खोचली की आतल्या कांड्या उजेड न मिळून कुजतात आणि सगळी जुडी एक दिवस वर तरंगताना दिसते.

7. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर सावकाश पाणी ओता. फिल्टर लगेच सुरू करा. 45 लिटरला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो आणि तो चोवीस तास चालला पाहिजे.

भरून झाल्यावर वरून बघा. निम्म्याहून जास्त वाळू दिसत असेल तर झाडं कमी पडली आहेत, आणखी आणा.

पहिले सहा आठवडे

मासे लगेच सोडायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा एक मोठी बादली, म्हणजे 11-12 लिटर पाणी बदला. मेलेली पानं रोज उचला, कारण कुजणारं पान अमोनिया सोडतं. बहुतेक रोपं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे जुनी पानं गळणारच. लक्ष नव्या पानांवर ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी भुकटी बसते. तो डायटम, एक प्रकारचं शेवाळ. बोटाने पुसला जातो आणि एक-दोन महिन्यांत आपोआप कमी होतो. यासाठी औषध घेऊ नका.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही माशांना विषारी असतात. दोन्ही सलग दोन वेळा शून्य आलं तर पाच-सहा लहान मासे सोडा: गप्पी, प्लॅटी किंवा झेब्रा. बाकीचे आणखी दोन आठवड्यांनी. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिश मऊ झाडं कुरतडून खातो आणि या टाकीत त्याला जागाही पुरत नाही. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न झाडं उपटून टाकतात.

सहाव्या आठवड्यानंतर दर आठवड्याला एकदा एक बादली पाणी बदललं की झालं. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

खत

नायट्रोजन आणि फॉस्फरस माशांच्या खाण्यातून मिळतो. कमी पडतं ते पोटॅशियम आणि लोह. महिन्यानंतर सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि पोटॅशियम असलेलं द्रवरूप खत बाटलीवरच्या मापाच्या निम्मं, आठवड्यातून एकदा. क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरियाच्या मुळाशी दर 12-15 सेंमीवर एक रूट टॅब (वाळूत पुरायची खताची गोळी), अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी, नवीन पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी.

उसासाठी आणलेलं युरिया किंवा 10:26:26 घरात असेल, तर ते उसालाच राहू दे. त्यातून अमोनिया सुटतो आणि चिमूटभरानेही मासे मरू शकतात. लिक्विड कार्बन नावाच्या बाटल्यांत बहुतेक ग्लुटारल्डिहाइड असतं. त्याने व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आणि मॉस विरघळतात, आणि आपली निम्मी टाकी त्यांचीच आहे.

शेवाळ आलं तर

पाणीच हिरवं झालं असेल तर ऊन येतंय किंवा अमोनिया आहे. दिवा बंद करून टाकी चार दिवस जाड चादरीने झाका, एअर पंप चालू ठेवा, नंतर निम्मं पाणी बदला. हिरवे धागे जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढा आणि दिवा पाच तासांवर आणा. अनुबियासच्या कडांना काळे केसाळ पुंजके आले तर ती पानं कापणं सोपं. पानं वाचवायची असतील तर फिल्टर दहा मिनिटं बंद करून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट पुंजक्यावर सोडा, पूर्ण टाकीला 15 मिलीपेक्षा जास्त नाही. निळसर-हिरवा, वास येणारा बुळबुळीत पापुद्रा दिसला तर तिथे पाणी फिरत नाही. सायफनने ओढून काढा आणि एअर स्टोनची (पंपाच्या नळीला लावलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या दगडाची) जागा बदला.

एप्रिल-मे आणि पुराचे दिवस

उन्हाळ्यात घरातल्या टाकीचं पाणी 30-32 अंशांपर्यंत जातं. अनुबियास आणि व्हॅलिस्नेरिया सोसतात, मॉस आणि जावा फर्न मंदावतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री झाडंही तो वापरतात, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतील. रात्रभर एअर स्टोन चालू हवा. झाकण थोडं उघडून छोटा पंखा पाण्यावर मारला तर दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी रोज भरा. हिवाळ्यात या झाडांना हीटर लागत नाही.

2019 आणि 2021 च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा नळ कित्येक दिवस बंद होता. जुलैपासून 40-50 लिटरचं झाकणाचं पिंप भरून ठेवा. नळ बंद असेल तेव्हा माशांचं खाणं एकदिवसाआड करा आणि पाणी बदलणं पुढे ढकला. झाडांनी भरलेली टाकी दोन आठवडे तशी निघते. वीज जास्त वेळ गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लागतो, तो आधीच आणून ठेवा.

तीन महिन्यांनी झाडं वाटण्याइतकी होतात. अनुबियासच्या खोडाचा चार-पाच पानांचा तुकडा धारदार ब्लेडने कापा, हायग्रोफिलाचे 10 सेंमीचे शेंडे खुडून पुन्हा लावा आणि बुडातल्या जुन्या कांड्या काढून टाका. जास्तीचं काहीही रंकाळ्यात, पंचगंगेत किंवा गटारात सोडू नका, तिथे केंदाळ काढायचंच काम संपत नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून कुंडीत घाला. पिस्टिया आणि साल्विनिया पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, ओला तुकडाही पुन्हा वाढतो.